चिमणीचा नवा तंग

दि. ९ फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

मामा जेवून माडीवर झोपलेत. दुकानाचं अर्धं दार लोटून मी कातड्याच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहितो आहे. हात दोनदा धुतले, तरी कोपऱ्यात तेलाचा डाग पडलाच. रागावू नकोस.

तुझ्या सासरहून चिमणीसाठी तंगाची ऑर्डर आली होती. खोगीर आवळायला घोडीच्या पोटाखालून घेतात तो पट्टा. मामांनी पहिल्यांदाच अख्खं काम माझ्या हाती दिलं आणि नमुन्याला जुना तंग दिला. तो उलटा केला, तर आतून पितळेचे सात खिळे, टोकं घोडीकडे. मला वाटलं, कुणीतरी खोडी केली आहे. मामा म्हणाले, खोडी कसली, त्याशिवाय मिरवणुकीत घोडी नाचेल कशी? स्वारानं टाच मारली की तंग ताणला जातो, खिळे लागतात, ती पाय उचलते. आणि लोकांना वाटतं, बँड तिच्या अंगात भिनला आहे.

ताई, हे ऐकूनही मी तो केला. कसा केला ते वाच. जुन्या खिळ्यांची टोकं ठोकून बोथट केलेली होती आणि वर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड पट्टी होती. मला ते गबाळं काम वाटलं. मी पट्टी काढून टाकली आणि सातही खिळे कानशीने घासून, मोजून, एकसारखे केले. काल संध्याकाळी मामांनी त्यावरून बोट फिरवलं आणि पटकन तोंडात घातलं. मग म्हणाले, आता पार्सल न्यायला तुमच्या गावच्या गाडीचा ड्रायव्हर दारात उभा आहे, जाऊ दे, यंदा जरा जास्त नाचेल. तंग गेला, नमुन्याचा जुनाही सोबत गेला.

चौदा तारखेच्या मिरवणुकीआधी तंगाला आतून नमदा शिवून घे. माझं नाव सांगू नकोस. किंवा सांग. नको, सांगू नकोस.

लोभ आहे, तो हे वाचून आटू देऊ नकोस.

तुझा,
बारक्या

*

दि. १० फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

दोन महिने झाले, तुझी एक ओळ नाही. मामांनी तुला खोगिरात शिवून टाकलं की काय?

तंग काल रात्री पोचला. अण्णांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, आज सकाळी तो उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, पोराचा हात साफ आहे. माझी मान इतकी ताठ झाली की दूध उतू गेलं.

मोठी बातमी म्हणजे अण्णांची कंबर धरली आहे, म्हणून यंदा मिरवणुकीत चिमणीवर तुझे भावोजी बसणार. रोज अंगणात सराव चालतो. दोनदा पडले, दोन्ही वेळा गवतावर. चिमणीच मागे वळून त्यांना हुंगत होती, कुठे लागलं का म्हणून. मी हसून हसून बेजार.

तिची मात्र काळजी वाटते. दर वर्षी मिरवणुकीनंतर तीन-चार दिवस ती पोटाला हात लावू देत नाही. खालची कातडी सोललेली असते. अण्णा म्हणतात, घाम आणि लोकांची नजर. सहा वर्षं मीच तिला तेल लावते आहे. तुझ्या मऊ चामड्यानं यंदा तसं होणार नाही, असं मी तिला सांगून ठेवलं आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण ठेव, आणि ठेवलीस हे कळव.

तुझी,
ताई

*

दि. १२ फेब्रुवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटं

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता मिळालं. उभ्यानंच लिहितो आहे. माझ्या पत्राचा त्यात शब्द नाही, म्हणजे ते वाटेत आहे किंवा हरवलं आहे. म्हणून हे ड्रायव्हरच्या हाती देतो.

ताई, तो घाम नव्हता. तंग उलटा कर आणि बघ. बोट जपून फिरव. मी ते खिळे चौपट धारदार केले आहेत आणि त्यावर भावोजी बसणार आहेत, ज्यांना साध्या अंगणात तोल सांभाळता येत नाही. रस्ता फरसबंदीचा, दोन्ही बाजूंना पोरंबाळं. ती उधळली तर कुणाच्या बापाला आवरणार नाही.

आता आतून नमदा शिवूनही भागणार नाही. खिळे उपट. पकडीनं सरळ वर ओढायचे, पिळायचे नाहीत.

उत्तर दे. नुसतं ‘उपटले’ एवढं लिहिलंस तरी पुरे.

बारक्या

*

दि. १५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

उपटले.

तुझी दोन्ही पत्रं तेराला एकदमच मिळाली. मी गोठ्यात जाऊन खुंटीवरचे चार जुने तंगही उलटे करून पाहिले. चारांतही तेच. ज्या हातानं मी तेल लावत होते, तो हात मला कुठे ठेवावा कळेना.

ह्यांना बोलावून दाखवलं. ह्यांनी आधी दार लोटलं. मग म्हणाले, घरात सगळ्यांना माहीत आहे, तुला कुणी सांगितलं नाही इतकंच. चिमणी नाचली नाही तर मिरवणुकीतली पुढची जागा जाईल, तीन पिढ्यांची. मी म्हटलं, मग आधी तुम्ही हा तंग उघड्या पोटाला बांधा आणि अंगणात एक फेरी मारा. त्यांनी हात लावून पाहिला आणि पकड आणून दिली. उपटताना मात्र पाठ करून उभे राहिले.

काल चिमणी नाचली नाही. चालली. बँड जवळ आला, मोठा झाला, ती कान हलवत चालत राहिली. लोक आधी हसले, मग ओरडायला लागले, की ही घोडी आहे का म्हैस? अण्णा कंबर धरून गर्दीतून आले आणि काठीनं तिच्या मागच्या पायावर मारायला लागले. मला वाटलं, आता ती लाथ झाडणार. हे खाली उतरले, लगाम हातात घेतला आणि भर रस्त्यातून तिला पायी घरी घेऊन आले.

अण्णांनी तुझा तंग पार्सल केला आहे: खिळे परत लावा, चौदा लावा, आणि त्याच साफ हाताच्या पोराकडून लावून घ्या. एकवीस तारखेला समारोपाची मिरवणूक आहे, तेव्हा ते स्वतः बसणार. जुने चार तंग कपाटात कुलूपबंद आहेत. किल्ली कुठे असते ते ह्यांना माहीत आहे, पण अण्णा खाकरले तरी ह्यांचा रंग उडतो. माझाही उडतो.

जिवाला जप. मला भीती वाटते.

ताई

*

दि. १७ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजता

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल नऊ वाजता आलं. मामांनी चिठ्ठी वाचून तंग माझ्यापुढे ठेवला. मी नाही म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मामांनी दोनदा विचारलं. ते म्हणाले, ठीक आहे, मी लावतो. ते खिळ्यांचा डबा आणायला वळले तेवढ्यात मी कातड्याच्या सुरीनं तंगाचे चार तुकडे केले. तुकडे एकसारखे झाले नाहीत.

मामांनी मारलं नाही. म्हणाले, नुकसान कागदावर लिही आणि दुपारी दुकानात दिसू नकोस. नवं चामडं तेल पिऊन तयार व्हायला दहा दिवस लागतात, म्हणजे एकवीसच्या आत नवा तंग होत नाही. राहिले कपाटातले चार. ते तू एकटीनं करायचे नाहीत. मी संध्याकाळच्या गाडीनं निघतो आहे. अण्णांपुढे मला बोलता येईलसं वाटत नाही, पण भावोजींनी कपाट उघडलं तर उपटायला किती वेळ लागेल ते मला माहीत आहे: खिळ्याला एक मिनिट, सगळे मिळून अर्धा तास. दारात तू उभी राहा.

हे पत्र सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतो आहे, म्हणजे माझ्या आधी पोचेल. लोभ असेल तर मागचं दार उघडं ठेव.

तुझा,
बारक्या

खर्च: ड्रायव्हरला दोन वेळा चहापाणी, दोन रुपये. पोस्ट, आठ आणे. जायचं तिकीट, साडेसहा. यायचं काढलं नाही.
देणं: मामांना चामडं, बकल आणि मजुरी मिळून एकतीस रुपये. पकड बरोबर घेतली आहे, ती मामांची. विचारलेलं नाही, म्हणून तिचे चार रुपयेही धरले. एकूण देणं पस्तीस.
जवळ: सव्वातीन रुपये.