विहीणबाई येण्याआधी गुड्डीचं वजन

आंधळगाव,
दसऱ्याचा दुसरा दिवस

तीर्थरूप कुंताबाईले लहान्या भावाचा, टेकचंदचा, दंडवत. बाई, तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला काय? (गेला नसेल तर बिड्याही गेल्या नसतील.) इकडं सारे मजेत आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणशील तर मी एका मांजरीपायी पार हैराण झालो. फोनच केला असता, पण माझा आवाज तुले माहीत आहे, अन् ही गोष्ट घरात ऐकू जायले नको.

आपली सून डिंपल वैशाखात बपेऱ्याहून आली, तेव्हा संगं गुड्डी नावाची मांजर घेऊन आली. चांगली गुबगुबीत होती. आता नुसत्या बरगड्या. कोजागिरी झाली की विहीणबाई, मंदाबाई, पहिल्या दिवाळीसाठी लेकीले न्यायले येणार आहेत. त्यांची नजर तुले लग्नात दिसलीच. (पंगतीतल्या बुंदीचे दाणे मोजणारी बाई.) त्या पहिले मांजर पाहतील अन् म्हणतील, मुक्या जनावराचे हे हाल, तर माझ्या पोरीले काय खाऊ घालत असतील? चार गावांत आपलं नाक कापलं जाईल.

म्हणून मी कंबर कसली. पहिले सायीचं दूध दिलं. गुड्डीचं पोट असं बिघडलं की दोन दिवस मांजर पुढं अन् तुझी भावजय केशर फडकं घेऊन मागं. मग तूप-भात, पनीर, दुकानातला पुड्याचा खाऊ. ती नाक लावते अन् निघून जाते. अन्न टाकू नये ही बाबांची शिकवण, म्हणून उरलेलं सारं मी खाल्लं. (पुड्यातलं नाही. म्हणजे एकच दाणा. मीठ कमी आहे.) रोज धानाच्या काट्यावर पहिले तिले घेऊन उभा राहतो, मग तिले सोडून. पंधरा दिवसांत मांजर तसूभर वाढली नाही, मी तीन किलो वाढलो.

जनावरांच्या डॉक्टरनं तपासलं. म्हणाला, जंत नाहीत, आजार नाही, दूध बंद करा, अंडी-मासोळी थोडी थोडी, दिवसातून चार वेळा द्या. आता माझ्या गळ्यात माळ! तरी काल सदऱ्याच्या खिशात चार अंडी लपवून आणत होतो. पारावर सोनं वाटणं चालू होतं. आमच्या भजनी मंडळाच्या तेजरामनं मले पाहिलं अन् कडकडून मिठी मारली. पिवळं पाणी धोतरावर उतरलं. मी म्हटलं, हळद आहे. तो म्हणाला, हळदीले टरफल कधीपासून आलं?

धोतर धुवायले मागच्या अंगणात गेलो, तर गोठ्याच्या आडोशाले डिंपल जेवायले बसलेली. ताटात वरण-भात तसाच, बाजूले गुड्डी तशीच. दोघी वरणाकडं पाहून राहिल्या. मी कैलाशले गाठलं. पोरगा म्हणतो, बपेऱ्याले नदीची मासोळी रोजची, पहिला घास डिंपलचा, दुसरा गुड्डीचा. इथं डिंपल पोटभर जेवतच नाही, तर मांजर कायले जेवेल? मी म्हटलं, मले काहून सांगतलं नाही? तो म्हणाला, बाबा, तुम्ही विचारलं कुठं?

बाई, मले लाज वाटली. मांजर रोज काट्यावर चढवली, अन् पोरीच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरून राहिल्या ते पाच महिन्यांत दिसलं नाही. मांजरीले काय आवडते ते गावभर विचारत फिरलो, सुनेले एकदाही नाही. अन् आता सासऱ्यानं तोंडावर विचारावं तरी कसं? इतका शहाणा मी असतो तर पत्र लिहीत बसलो नसतो.

भाऊजींना नमस्कार.
तुझा टेकचंद

ता.क. तुझ्या सासरी तळ्याची मासोळी चालते. सुकवलेले झिंगे डब्यात भरून बसच्या ड्रायव्हरपाशी दे. कोणी विचारलं तर मांजरीसाठी आहेत म्हण.

दुसरा ता.क. केशरले झिंगे शिजवता येत नाहीत, कृतीही लिही. कांदा किती, तिखट किती. (मांजरीले कांदा-तिखट चालत नाही, मले माहीत आहे.)

तिसरा ता.क. पाकिटावर पत्ता डिंपलकडून लिहून घेतो, माझं अक्षर पोस्टमनले लागत नाही. पोरगी दुसऱ्याची चिठ्ठी वाचणारी नाही.

चौथा ता.क., डिंपलच्या हातचा. मोठ्या आत्याबाईले नमस्कार. वाचली. कृती पाठवू नका, मले येते. झिंगे लवकर पाठवा. मी वाचलं हे मामंजीले सांगू नका, ते लाजतील. अन् आईची फिकर नको. ती आली की तिच्यासमोर मी पोटभर जेवून दाखवीन. मग मांजरीकडं कोण पाहते?