पाठकोरे

प्रिय ताई,

बाबा गेल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. मला तुझा भयंकर राग आला होता. आता तो राग कुठे ठेवू ते कळत नाही, म्हणून लिहायला बसलेय.

बाबांच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं काम शेवटी ‘टेक’पाशीच अडकलं. एवढ्याशा शब्दाला इंग्रजांनी किती राबवलंय, म्हणून बाबा करवादायचे. औषध घ्यायचं तरी टेक, फोटो काढायचा तरी टेक, मनाला लावून घ्यायचं तरी टेक, आणि मुलगी आईच्या वळणावर गेली तरी टेकच. एकेका अर्थाला एकेक चिठ्ठी, अशा सत्त्याऐंशी झाल्या. बाबांचा हात थरथरायला लागल्यावर ते सांगायचे, मी लिहायचे. थोरली असती तर निम्म्या वेळात झालं असतं, हे दिवसातून एकदा तरी ऐकवायचेच. मी जळायचे.

तुला घराबाहेर काढताना ते जे बोलले, त्याबद्दल तोंडातून कधी चकार शब्द काढला नाही. पण ‘परत घेणे’ या अर्थाला त्यांनी उदाहरण सांगितलं: ‘थोरलीला बोललेले शब्द मी परत घेतो.’ मी लिहून घेतलं. तुला कळवलं नाही. सहा वर्षांत जिने एक ओळ लिहिली नाही, तिला कशाला कळवायचं, असं वाटलं.

काल चिठ्ठ्या क्रमाने लावताना एक उलटी पडली. मागे तुझं अक्षर! मग सगळ्याच उलटल्या. चार तुकडे मिळाले, ते जोडले. तारीख गेल्या वर्षीची. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन आहे, भीती वाटतेय, बाबांना घेऊन एकदा ये, असं तू लिहिलं होतंस.

आपल्या घरचा नियम आठवतो ना? पत्र एकाच बाजूला लिहायचं, म्हणजे पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या होतात. एवढी भांडून गेलीस, तरी नियम पाळलास गं. टपाल फोडून मी टोपलीत टाकायचे, नंतर वाचू म्हणून. ‘टेक’साठी कोरे कागद कमी पडले, त्या दिवशी न वाचताच गठ्ठा पालथा घातला आणि चिठ्ठ्यांसाठी कातरला. तू तिकडे एकटीच ऑपरेशनला गेलीस, आणि इकडे बाबा शेवटच्या दिवसापर्यंत थोरलीचं पत्र आलं का, विचारत राहिले. नाही म्हणून सांगणारी मीच होते. माफ कर, असं लिहायची हिंमत नाही. ते चार तुकडे आणि बाबांची ती चिठ्ठी सोबत पाठवतेय. हे पत्र मी कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहिलंय.

तुझीच,
धाकटी