गायीची पोळी

आई,

तुम्ही पूजेला बसला होतात म्हणून हाक मारली नाही, निघाले. सशाचं पोट बंद पडलंय, कालपासून एकही लेंडी नाही. फ्रीजवर डॉक्टरांची पावडर आहे. दर तीन तासांनी एक चमचा कोमट पाण्यात पातळ कालवून सुई नसलेल्या सिरिंजने भरवा. सरळ घशात नको, ठसका लागेल. गालाच्या कडेने, थोडं थोडं. बाकी फक्त सुकं गवत आणि पाणी.

पोळी आता अजिबात नको. कोपरला गावच्या घरी तव्यावरची पहिली पोळी गायीला घालायचात. इथे बाविसाव्या मजल्यावर गाय कुठून येणार, म्हणून तीच तूप-गूळ लावून सशाला देत होतात, हे काल लिफ्टमध्ये तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. तुमच्या मनात काय होतं ते मला समजतं. पण त्याला ते पचत नाही. वॉचमन म्हणाला, मागच्या गल्लीत तबेला आहे. रविवारी आपण दोघी जाऊ.

लेंडी दिसली की लगेच फोन करा. मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.

तुमचं ताट ओट्यावर झाकून ठेवलंय. काल तुम्ही जेवला नाहीत, मी बघितलंय.

रुचिताचा हॉस्टेलवरून फोन आला तर तिचा ससा औषध घेतोय एवढंच सांगा. डॉक्टर काल मला खूप बोलले, कारण पोळी मीच घालत होते असं मी त्यांना सांगितलं. रुचिताने कारण विचारलंच तर तुम्हीही तेच सांगा.

निशिगंधा