अड्याळचा खलबत्ता

४ फेब्रु., सानगडी
टेकडीवरचा हिरवट शिस्ट खडक. अब्जावधी वर्षांचा दाब सोसलेला. त्यातल्या गारगोटीच्या शिरेचा पाचवा नमुना कुटताना माझा पोलादी खल तडकला. नवा यायला आठवडा. घरमालक काका म्हणाले, "काहून थांबता मॅडम? साळ्याचा खलबत्ता आणतो अड्याळहून." आणला. तीनदा धुतला. अंगठी मी कामावर घालत नाहीच. नमुन्यात बाहेरचं सोनं नको. ६ ते १२, दक्षिणेकडून उत्तरेकडे, कुटून झाले.

२७ फेब्रु.
प्रयोगशाळेचे आकडे आले. १ ते ५ : काही नाही. ६ : सोनं. ७ : कमी. ८ : जेमतेम. पुढे काही नाही.
साहेबांना कळवलं : ६ च्या जागी भरपूर, तिथून उत्तरेकडे विरत जाते. नकाशावर फार देखणं दिसतं. ते ड्रिलिंग मागणार. माझी पहिली शीर.
काकी : "आज पोरगी हासून राहिली."

१ मार्च
काकांचा साळा खलबत्ता न्यायला आला. आत बोट फिरवून, "चकचकीत काहून केला?"
धंदा सोनाराचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.
"सोनं आटवलेल्या मुशी कुटतो याच्यात, वीस वर्षं झाले. पाण्यानं निघत नाही ते. तुमच्या गोट्यांनी घासून नेलं. त्या भुकटीच्या पुड्या वापस द्या."
काका : "मी गावभर सांगून आलो, आपल्या पहाडीत सोनं हाय. आता तुह्या दुकानातलं हाय म्हणून सांगू?"
६, ७, ८. शीर विरत नव्हती. खल स्वच्छ होत होता.

४ मार्च
साहेबांना मेल लिहिला. चार ओळी. दोन केल्या. पाठवण्याआधी ६ च्या जागेवरून पुन्हा नमुना. नवा खल. सोनारमामा सोबत, "माह्या मालावर लक्ष नको का?"
बोडीच्या, गावच्या छोट्या तळ्याच्या, पाण्यात भुकटी घालून पॅन फिरवलं. कडेला एक पिवळा कण. सुईने दाबला. पायराइट, म्हणजे खोटं सोनं, असता तर चुरा झाला असता. हा चपटा झाला.
मामा कणावर वाकले.
"हे माह्यं का पहाडीचं?"
खल नवा, पॅन माझं. पण गाळ ढवळायला बोट त्यांनी घातलं होतं. सोनाराचं बोट.

सायं.
मेल पाठवला. ६ ते ८ रद्द, ड्रिल थांबवा. कण पुडीत बंद, क्र. १३. 'कुठून' हा रकाना कोरा ठेवला आहे. उद्या एकटी जाणार. काकींना सांगितलंय, मामांना चहाला बसवून ठेवा.