अक्सेलदादाच्या दारची रिकामी काठी

लाडक्या टोवेस, बेटावरून पोटभर माया.

आधी हे वाच: अक्सेलदादा बरा आहे, समोर बसून कॉफी पितो आहे.

फेरीबोट धक्क्याला लागताना गावातली सगळी निशाणं अर्ध्यावर उतरलेली दिसली. कोणीतरी गेलं होतं. दादाच्या दारची काठी तेवढी रिकामी, आणि चार दिवस त्याने फोन उचलला नव्हता! चढ मी धावतच चढले. शाळेतल्या सिस्टरांनी घोटून घेतलेली प्रार्थनाही अर्ध्यात विसरले.

दादा काठीखाली उभा होता, हातात दोरी धरून. गेला होता तो शेजारचा थोर्किल, त्याचा होडीवरचा जोडीदार; चार दिवस दादा त्याच्याच उशाशी होता.

"आलीस? मार बघू गाठ. सिस्टरांनी भरतकामापलीकडे काही शिकवलंय का, कळेल तरी!"

मी हसले आणि गाठ मारली. पण टोवे, त्याची बोटं थरथरत होती. आपल्या दोघींना गाठी शिकवणाऱ्या दादाला सकाळपासून एक गाठ जमली नव्हती.

तुझा गुडघा कसा आहे? दादाशी बोलताना हाताचा विषय काढू नकोस.

मी उद्या निघणार होते, पण राहते. थोर्किलच्या दफनाला निशाण पुन्हा चढवायचं आहे. ते सूर्य मावळायच्या आत उतरवायचं असतं, आणि मी मारलेली गाठ त्याला सुटणार नाही.

तुझ्याकडेच जीव लागलेली,
बिर्टेताई