सातव्या ओळीतली खूण

मी, निर्मलाबाई प्रेमसिंग आडे, वय सहासष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार वरचा तांडा, ता. सेनगाव, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी नांदेडला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. भीती मात्र आहे, आणि ती लपवून सही करणे मला बरे वाटत नाही.

१. राहते घर व विहिरीजवळचे दोन एकर रान मुलगा विकास याला मिळावे. बांधावरचा आंबा तोडू नये. तो त्याच्या वडिलांनी लावला आहे, आणि विकासने जन्मात एक झाड लावलेले मला आठवत नाही.

२. माझी चांदी व पोस्टातली शिल्लक मुलगी मिना हिला. "तिचं देणंघेणं लग्नातच झालं" असे विकासने म्हणू नये. झाले नव्हते. मी तिथे होते.

३. पितळी घागर सुनेला. शेजारी मागायला येतील, त्यांना देऊ नये. मागे नेली होती ती चार वर्षांनी पोचा पडून आली.

४. घरालगतची पडवी मी कोणालाच देत नाही. अमावास्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून त्या दुपारी तिथे गाण्याची बैठक असते. ज्याला यायचे त्याने यावे. तांड्यातले येतात, गावातले येतात, लांबच्या हट्टा गावाहून जीप करून येतात. चार बाजूंनी समोरासमोर बसायचे, मध्ये मोकळी जागा, आणि एकेकाने मध्ये उभे राहून गाणे धरायचे. नुसते ऐकायला कोणी बसायचे नाही. बहुतेक बायांना वाचता येत नव्हते, म्हणून अंगणवाडीत शिकवायचे तेच आकार मी भिंतीवर गेरूने काढले. त्रिकोण आला की आवाज वर, चौकोन आला की खाली, गोल आला की आहे तिथेच. हे आकार आयांना लेकरांकडूनच पाठ झाले होते. बैठकीचा नियम एकच: कोणाला गप्प बसवायचे नाही.

विकासला तिथे शटर लावून दुकान काढायचे आहे. "आई, भिंतीला टाइल्स लावू, भारी दिसंल," म्हणतो. मी गेल्यावर पहिल्याच महिन्यात तो लावील, ही माझी एक भीती. पडवीला दार, कुलूप किंवा टाइल्स लागल्या तर कलम १ मधले घर मिनाचे होईल.

५. दुसरी भीती याहून मोठी आहे. पंधरा वर्षांपूर्वी दिवाळीला भिंतीला चुना दिला आणि मी सगळ्या खुणा नव्याने काढल्या. त्यात सासूबाईंचे एक गाणे होते, बैलांवर मीठ लादून तांडा पायी चालायचा त्या काळातले. त्याच्या सातव्या ओळीच्या शेवटी चौकोन हवा होता. मी चुकून त्रिकोण काढला. पुढच्या अमावास्येला चाळीस माणसांनी तिथे आवाज वर नेला आणि एकट्या बेबीबाईने खाली आणला. बेबीबाई माझी थोरली नणंद, जवळा बाजारला दिलेली. गाणे तिच्याच आईचे. लोक हसले. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, जरा गप बसा. भिंतीकडं बघून म्हणा."

"भिंतीला काय म्हाईत, माय कशी म्हणत व्हती," ती म्हणाली आणि उठून गेली. पुन्हा बैठकीला आली नाही.

त्याच संध्याकाळी मी जुनी वही काढून पाहिली. चौकोनच होता. घरात गेरू होता, ब्रश होता, दोन मिनिटांचे काम होते. मी ते केले नाही. माझ्या लग्नात माझे गाणे ऐकून ती "हिच्यापरीस रेडकू बरं वरडतं" म्हणाली होती, ते मी मनात जपून ठेवले होते. शिवाय चारचौघांत चुकले म्हणायची हिंमत नव्हती. त्यानंतर दर दिवाळीला चुना दिला आणि दर दिवाळीला जाणूनबुजून त्रिकोण काढला.

"बेबीबाईचा सूर गेला" असे तांड्यात म्हणतात, ते खोटे आहे आणि ते खोटे माझे आहे. जुनी माणसे सगळी गेली, आणि बाकीच्यांच्या, माझ्याही, तोंडी आता वरचाच सूर बसला आहे. ती ओळ आता फक्त तिच्या गळ्यात उरली आहे, आणि ती त्र्याहत्तर वर्षांची आहे. दोघींत आधी कोण जाईल, या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून माझ्या पश्चात पहिल्या अमावास्येला बेबीबाईला मध्ये उभे करावे, ती म्हणेल तसे सगळ्यांनी म्हणावे, आणि त्रिकोण पुसून चौकोन काढावा.

६. बेबीबाईला मालमत्तेतले काही देत नाही. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीला बसू नये, असे वकील म्हणाले, आणि मला ती साक्षीला हवी आहे. विकास सकाळीच तिला आणायला गेला आहे. ती येणार नाही याची भीती वाटते. येईल याची जास्त वाटते.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

बेबीबाई आली. तिच्या व दुसरे साक्षीदार फुलसिंगभाऊ यांच्या समोर मी सर्व कलमे मोठ्याने वाचली. पाचवे मी अर्ध्यावर सोडले, पुढचे फुलसिंगभाऊंनी वाचले.

"येवढं सांगायला छाती फाडून घ्यायची येळ आली व्हय, निर्मला?" ती म्हणाली.

मी तिचे पाय धरले आणि ती ओळ म्हणून दाखवा म्हणाले. ती पडवीत जाऊन मध्ये उभी राहिली, डोळे मिटून गायली. सातव्या ओळीच्या शेवटी तिचा आवाज वर गेला. तिने पुन्हा म्हटले. पुन्हा वर गेला.

"भिंतीवर हाय तसंच घोकलं म्या घरी," ती म्हणाली. "रोज, चुलीपुढं. तू बोलावशील तवा चुकू नये म्हनून. आता मायचं येतच न्हाई."

तेव्हा कलम ५ असे बदलत आहे. खूण चौकोनाचीच राहील. वहीत नुसता चौकोन आहे; तो किती खाली, हे आता कोणालाच ठाऊक नाही. तिथे ज्याने त्याने आपापल्या परीने खाली उतरावे. चाळीस जणांचे चाळीस सूर झाले तरी कोणी कोणाला चुकलास म्हणू नये. "माझ्या पश्चात" हे शब्द मीच खोडले आहेत. त्रिकोण मी आज पुसला, चौकोन बेबीबाईने काढला. सोमवारी ती माझ्यासोबत नांदेडला येणार आहे. भीती आहे तशीच आहे.

सही: निर्मलाबाई प्रेमसिंग आडे

आमच्यासमोर सही केली:
१. फुलसिंग राठोड, वरचा तांडा (सही)
२. बेबीबाई चव्हाण, जवळा बाजार (निशाणी अंगठा, शाई नव्हती, गेरूचा घेतला)

ठिकाण: पडवी, वरचा तांडा
दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५