दहाच्या पान्याची जागा

नांदेड, मे महिन्याचा तिसरा रविवार

आदरणीय दाजी,

सप्रेम जय भीम. इकडं सगळे खुशाल आहेत (मी सोडून). तुमचा गुडघा कसा आहे? महामायाताईचा बीपी? लातूरला नळाला पाणी येतं, की अजून टँकरच? तुम्ही म्हणाल, संघपालला काय झालं, फोन सोडून पत्र लिहून राहिला. दाजी, फोन केला की आई शेजारी येऊन बसते आणि स्पीकर लावायला लावते. तुमचं व्हॉट्सॲप तर तुमच्याआधी ताई वाचते, हे साऱ्या खानदानाला ठाऊक आहे. म्हणून पोस्टाचा आधार घेतला. वाचून झालं की फाडून टाका.

विषय बाबांच्या गाडीचा. तुम्ही अर्धापूरचा केळीवाला गिऱ्हाईक म्हणून पाहून दिला, तो महिनाअखेरीस येणार, आणि त्याची अट एकच, गाडी चालू पाहिजे. बाबा गेल्यापासून नऊ महिने ती अंगणात उभीच आहे. चावी फिरवली की नुसती खर्रर्र करते आणि गप्प बसते. रूपाली बायकोच्या हक्कानं म्हणाली, मिस्त्री बोलवा. मी म्हटलं, कशाला? मी विज्ञानाचा मास्तर, कार्बोरेटरची आकृती बावीस वर्षं फळ्यावर काढतोय, सुट्ट्या लागल्यात, बाबांची पेटी घरात आहे. (आकृती मला डोळे झाकून काढता येते. अडचण एवढीच की खरा कार्बोरेटर तिच्यासारखा अजिबात दिसत नाही.)

ती पेटी तुम्ही पाहिलेली आहे. बाबांनी तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली. भंगारातून जुन्या सीटचा फोम आणून त्यात ब्लेडनं एकेका पान्याची, पक्कडीची, नट सोडवायच्या गोटीची जागा कापली होती. एक जरी जागा रिकामी दिसली तरी ते बॉनेट लावायचे नाहीत, जेवायचेसुद्धा नाहीत. आणि मला त्यातल्या एकाही जिनसाला त्यांनी हात लावू दिला नाही. लहानपणी मी दहाचा पाना उचलला की ते तो माझ्या हातातून काढून घ्यायचे आणि खिशातला हिरव्या टोपणाचा शाईचा पेन माझ्या मुठीत ठेवायचे. "ह्ये माजं. ह्ये तुजं." बस्स, एवढंच. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या पेनामुळं मी मास्तर झालो, हे कबूल. पण दाजी, बापाच्या बाजूला गाडीखाली एकदा तरी पडून राहावं असं मला लई वाटायचं, आणि ते राहूनच गेलं. शेवटी तो पेन तुम्हीच त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला लावला होता, "जाऊ द्या बरोबर" म्हणून. चिता पेटली तेव्हा तो खिशालाच होता, मी पाहिलंय. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

तर गेल्या सोमवारी दुपारी एक वाजता मी पेटी घेऊन अंगणात बसलो. आमच्या गल्लीत मे महिन्यात त्या वेळी चिटपाखरू नसतं, नुसते कूलर घरघरत असतात. झाकण उघडलं तर दहाचा पाना जागेवर नाही. आणि त्याच्या कापलेल्या जागेत, माप घेऊन बसवल्यासारखा, हिरव्या टोपणाचा पेन. टोपणाला बाबांनी चावलेल्या दातांच्या खुणा.

मी घाबरलो नाही. (याच्याखाली दोन रेघा समजा.) जो माणूस शाळाशाळांतून लिंबातून रक्त काढून दाखवतो आणि पोरांना सांगतो की भूत नसतं, तो घाबरत नसतो. मी फक्त झाकण लावलं, आत आलो, तांब्याभर पाणी प्यालो आणि संध्याकाळपर्यंत भिंतीला पाठ लावून बसलो.

मंगळवारी बाजारातून नवा दहाचा आणला. तो कार्बोरेटरच्या नटावरून नुसता घसरत होता, नट जागचा हलेना. तेवढ्यात पाहतो तर पेटीतली पक्कड गायब! बुधवारी पक्कड आली, बाराची गोटी गेली. गुरुवारी गोटी आली, पेचकस गेला. जे परत यायचं ते बरोबर आपल्या जागेवर, पुसलेलं आणि गार. अहो, चव्वेचाळीस डिग्रीत गाडीच्या दाराला बोट लागलं तर फोड येतोय, आणि पक्कड माठातून काढल्यासारखी गारेगार! वर खोबरेल तेलाचा वास. बाबा आंघोळ झाली की डोक्याला कोणतं तेल थापायचे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

बरं, बोलायचं कुणाजवळ? शेजारचे धोंडप्पा भिंतीवरून माझं तोंड पाहून म्हणाले, "सर, लिंबू उतरवून टाका की." गेल्या वर्षी याच माणसाला मी लिंबू या विषयावर दोन तास खुर्चीत बसवून ठेवलं होतं! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मेलेला बाप पाने न्यायला येतो, हे उच्चारायची सोय नाही, दाजी. धोंडप्पांकडं निदान काही उतरवता तरी येतं. आपल्याकडं घाम पुसायचा आणि पुस्तक उघडायचं.

म्हणून शुक्रवारी मी प्रयोग केला. गाडीभोवती रूपालीच्या पावडरीचा अख्खा डबा पसरला (तिला अजून कळलेलं नाही), जेवायला आत गेलो आणि तासाभरानं परत आलो. पावडरीत पावलं होती. अनवाणी, लहानखुरी. बाबांना सहा नंबरची चप्पल लागायची. तरी शास्त्र म्हणजे शास्त्र, मी त्या पांढऱ्या ठशांमागं निघालो. ठसे दारातून आत आले, बुद्धांच्या फोटोसमोरून गेले, स्वयंपाकघरात वळले आणि रांजणापाशी थांबले. तिथं आई बसली होती. पाय घोट्यापर्यंत पांढरे, एका हातात खोबरेलाची बाटली, दुसऱ्या हातात आत्ताच आणलेली चौदाची गोटी.

"गंजू नये म्हून तेल लावती," ती म्हणाली. जसं काही मी तेवढंच विचारायला आलो होतो. रांजणाखालच्या ओल्या वाळूत ती एकेक जिन्नस पुरून ठेवायची आणि दुसरा न्यायला आली की पहिला पुसून परत ठेवायची. सगळे एकदम नेले तर तुला कळंल, म्हणाली. मी लई चिडलो. आई, तुला काय वेड लागलं का, म्हणून ओरडलो. तर ती शांतपणे म्हणाली, "गाडी चालू झाली की ईकतावच ना तुमी? तेनी शीट पुढं वढलेलं हाय, तसंच हाय अजून. त्यो केळीवाला बसला की पयलं शीट मागं सारंल."

दाजी, मी तिथंच रांजणाला टेकून बसलो आणि रडलो. लाज कशाला वाटावी? नऊ महिन्यांत रडायचं राहिलं होतं. रूपालीनं न विचारता चहा ठेवला.

नंतर मी म्हटलं, ठीक आहे, पण आता दहाचा काढ, आणि त्याच्या जागी ठेवलेला पेन कुठून आणलास तेही सांग. तर म्हणाली, "दहाचा म्या न्हाई नेला. कसला पेन म्हनतूस?" दहाचा रांजणाखाली नव्हता. सगळी वाळू मी चाळून पाहिली.

बाकी सगळं तुम्ही समजून घ्यालच. गुडघ्याला शेक चालू ठेवा, ताईच्या जेवणात मीठ कमी करा.

तुमचा मेहुणा,
संघपाल

ता. क. १ : केळीवाल्याला नाही म्हणून कळवा. गाडी विकायची नाही. तुमची अडचण होईल, तेव्हा माझ्यावर ढकला. मास्तरनं इंजिनाची वाट लावली म्हणा. गाडी मी आईसाठी चालू करणार आहे, आणि सीट न सरकवता चालवणार, गुडघे छातीला लागले तरी.

ता. क. २ : पेनाचं. त्या दिवशी तुम्ही तो खिशातून परत काढून घेतला आणि मार्चमध्ये आलात तेव्हा पेटीत ठेवलात, असं दोन ओळीत लिहून पाठवा. खरं नसलं तरी चालेल, पण खाली सही करा. हे पत्र मी त्याच पेनानं लिहिलंय. नऊ महिन्यांत शाई वाळायला पाहिजे होती, वाळलेली नाही.

ता. क. ३ : हे बॉलपेननं लिहितोय. आई आणि रूपाली सकाळच्या एसटीनं देवणीला मावशीकडं गेल्या, घरात मी एकटाच. मघाशी पत्र गाडीच्या सावलीत पेटीवर ठेवलं, वर पेन ठेवला आणि पाकीट आणायला आत गेलो. आलो तर पेन नाही. पत्रावर दहाचा पाना ठेवलेला. खोबरेलाचा वास नाही, डिझेलचा आहे, बाबा वर्कशॉपातून घरी आले की अंगाला यायचा तसा. दांडा कोमट, कुणीतरी आत्तापर्यंत हातात धरल्यासारखा. तेव्हा वर दोन नंबरला लिहिलेलं रद्द समजा, पेनाबद्दल काहीच कळवू नका. पहिला नट एका झटक्यात सुटलाय. बाकीचे सोडवायला बसतो.